विनिपेगचे मोठे तळे

कॅनडा देशाच्या मध्यभागी मॅनिटोबा नावाचा प्रांत आहे. क्षेत्रफळाने तो महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा. पण वस्ती किती? 2021 सालच्या शिरगणतीत अवघी साडेतेरा लाखांच्या आसपास. त्यातली निम्म्याहून जास्त माणसे एकट्या विनिपेग शहरात राहतात.

प्रांताच्या दक्षिणेला सपाट रान आहे. पूर्वी तिथे उंच गवत वाढे आणि रानगव्यांचे कळप चरत. आता तिथे गहू पिकतो. कॅनोला नावाचे तेलाचे पीकही होते. उत्तरेला खडक, जंगल आणि हजारो तळी आहेत.

जमीन इतकी सपाट कशी झाली? ते आपण पाहू या. फार पूर्वी हा मुलूख बर्फाच्या जाड थराखाली होता. बर्फ वितळले, पाणी साचले आणि समुद्रासारखे तळे झाले. सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी त्यातले बहुतेक पाणी वाहून गेले. तळाचा गाळ मागे राहिला. तीच आजची कसदार जमीन. आणि खोलगट भागात जे पाणी उरले, त्यातलेच एक हे विनिपेग तळे.

हे तळे चारशे किलोमीटरहून लांब आहे. त्याचा पसारा सुमारे 24,500 चौरस किलोमीटर आहे. पण खोली म्हणाल, तर सरासरी 12 मीटरच. म्हणजे एखाद्या विहिरीएवढी! वारा सुटला की तळचा गाळ वर येतो. तिथल्या मूळच्या क्री लोकांच्या भाषेत विनिपेग म्हणजे गढूळ पाणी. हिवाळ्यात सारे तळे गोठते. मग कोळी बर्फाला भोके पाडतात आणि खाली जाळी सोडतात.

रेड नदी दक्षिणेकडून येऊन या तळ्याला मिळते. ती उत्तरेकडे वाहते, हीच अडचण आहे. वसंतात दक्षिणेचे बर्फ आधी वितळते. उत्तरेला नदी अजून गोठलेलीच असते. मग पाण्याने जायचं कुठं? ते सपाट रानात पसरते. 1950 साली असा पूर आला की विनिपेगच्या सुमारे एक लाख लोकांना घरे सोडावी लागली. पुढे 1962 ते 1968 या काळात शहराला वळसा घालणारा मोठा कालवा खणला. खर्च फार म्हणून पुष्कळांनी नावे ठेवली. पण 1997 साली त्याहून मोठा पूर आला, तेव्हा त्याच कालव्याने शहर वाचवले.

आज तळ्यापुढे दुसरे संकट आहे. शेतातले खत, गुरांचे मलमूत्र आणि शहरांचे सांडपाणी नद्यांवाटे तळ्यात येते. ते खाऊन शेवाळ माजते. शेवाळ कुजले की पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि मासे गुदमरतात. ही घाण एकट्या मॅनिटोबाची नाही. शेजारच्या प्रांतांतून आणि अमेरिकेतूनही ती वाहत येते. म्हणून उपायही सर्वांनी मिळूनच केला पाहिजे. पाण्याला शीव ठाऊक नसते. वरच्याने टाकले, ते खालच्याच्या दारी येते.

सांगा पाहू :
1. रेड नदीला वसंतात पूर का येतो?
2. तळ्यात शेवाळ कशामुळे माजते?
3. तुमच्या गावचे सांडपाणी कुठे जाते?