मुका रुग्ण आणि आपण



आपल्या मंडळातील अनेकांच्या घरी आता कुत्रा वा मांजर आहे. ते आजारी पडले की आपण मला दूरध्वनीवर विचारता, "आपलेच औषध अर्ध्या मात्रेत देऊ का?" पशुवैद्यक या नात्याने माझे उत्तर बहुधा नकारार्थी असते. त्यामागची कारणे येथे थोडक्यात मांडतो.

प्रथम तापाविषयी. कुत्र्यामांजरांचे नैसर्गिक तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ते गुदद्वारातून मोजावे. नाक कोरडे आहे एवढ्यावरून ताप ठरवू नये. १०२ अंशांना ताप समजून औषध देणे म्हणजे निरोगी प्राण्यावर उपचार करणे होय.

खरा ताप, नाकातून रक्त आणि प्लेटलेट कमी, असे चित्र दिसताच आपल्याला डेंग्यू आठवतो. कुत्र्यात मात्र प्रथम गोचिडीमार्फत होणाऱ्या एर्लिकिओसिसचा विचार करावा. कानांत आणि पायांच्या बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधावी. डॉक्सिसायक्लिन प्रतिकिलो १० मिलिग्रॅम, रोज, २८ दिवस, हा रूढ उपचार आहे. दोन-तीन दिवसांत कुत्रा खाऊ लागतो आणि घरचे औषध थांबवितात. दबलेला आजार पुढे अस्थिमज्जेपर्यंत पोचू शकतो.

कावीळ दिसल्यास दोन शक्यता वेगळ्या कराव्यात. बॅबेसिओसिसमध्ये लाल पेशी फुटतात, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी गडद होते. रक्ताच्या काचपट्टीवर परजीवी दिसू शकतात. लेप्टोस्पायरोसिसमध्ये उलट्या, अंगदुखी आणि क्रिएटिनिनची वाढ आढळते. प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी रक्त व लघवीचे नमुने घ्यावेत.

सुरत, नवसारी, वलसाड या जिल्ह्यांना लेप्टोस्पायरोसिस अपरिचित नाही. भात व उसाच्या शेतांत चिखलात राबणारे रुग्ण आपण पाहिले आहेत. ऑगस्ट २००६ च्या तापीच्या पुरानंतर शहरानेही त्याची धास्ती घेतली. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या त्याच पाण्यातून कुत्राही जातो आणि बरा दिसू लागल्यावरही त्याच्या लघवीतून जंतू बाहेर पडू शकतात. म्हणून अशा वेळी मी मालकास घरातील माणसांच्या तापाविषयी विचारतो. आपणही तापाच्या रुग्णास घरचा कुत्रा आजारी आहे काय, हे विचारावे. दरवर्षीची लस उपयुक्त आहे, पण ती तिच्यात समाविष्ट असलेल्या प्रकारांपुरतीच संरक्षण देते. कुत्र्याची लघवी साफ करताना हातमोजे वापरावेत.

लहान पिलास उलट्या आणि रक्तमिश्रित जुलाब झाल्यास पार्व्होची शंका घ्यावी. येथे प्राण वाचतो तो मुख्यतः शिरेतून दिलेल्या द्रवांमुळे. जुलाब थांबविणाऱ्या गोळीने घरीच वाट पाहण्यात मोलाचे तास जातात.

मांजर म्हणजे लहान कुत्रा नव्हे. पॅरासिटामॉलचे निर्विषीकरण करणारी यकृतातील यंत्रणा मांजरात अत्यंत तोकडी असते. ५०० मिलिग्रॅमची एकच गोळी तिचा जीव घेऊ शकते. हिरड्या तपकिरी होतात, चेहरा व पंजे सुजतात, श्वास लागतो. गोळी गेल्याचे कळताच रुग्णालय गाठावे. ॲसिटिलसिस्टीन हा उतारा जितका लवकर मिळेल तितका बरा. कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिनयुक्त गोचीडनाशकही मांजरास लावू नये. बोका वारंवार कुंथत असेल आणि लघवी होत नसेल, तर त्यास बद्धकोष्ठ समजू नये. मूत्रमार्ग बंद झाल्यास रक्तातील पोटॅशियम वाढून एक-दोन दिवसांत मृत्यू ओढवतो.

शेवटी एक इशारा. लाळ गाळणाऱ्या, गिळता न येणाऱ्या कुत्र्याच्या घशात हाड अडकले असेल म्हणून तोंडात हात घालू नये. तो रेबीज असू शकतो. चावा वा ओरखडा झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि लसीकरण त्याच दिवशी सुरू करावे. पुढचे आपण जाणताच.

निदानाची शिस्त आपल्या दोघांची एकच आहे. मात्रा आणि औषधे मात्र प्राण्यागणिक बदलतात. तेव्हा गोळी देण्यापूर्वी एक दूरध्वनी करावा, ही नम्र विनंती.