नंबर गावाकडचा, बिल तिकडचं

मराठवाड्यातल्या पाथरी, मानवत, सेलू या पट्ट्यातून परदेशी जाऊन स्थिरावलेल्या घरांना आम्ही विचारलं होतं, नव्याने निघणाऱ्या लेकरांना काय सांगाल? घरभाडं आणि शाळा यांवर एकानेही लिहिलं नाही. फोन आणि मेसेजच्या खर्चावर मात्र भरभरून आलं. ज्याने जसं लिहिलं तसं ठेवलं आहे. रिचार्जच्या रकमा जानेवारी 2025 मधल्या आहेत, भरण्याआधी एकदा विचारून घ्या.

एडिसन, न्यू जर्सी

मुद्द्याचं तेवढं लिहितो.

1. भारतातलं सिम बंद करू नका. बँक, आधार, आयकर, सगळ्यांचे ओटीपी त्यावरच येणार.

2. निघण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या. परदेशात येणाऱ्या मेसेजला सहसा पैसे पडत नाहीत. पाठवायला पडतात, आणि आलेला फोन उचलला तरी पडतात. त्या सिमचा डेटा बंद ठेवा आणि फोन वाजला तर वाजू द्या.

3. डेटाचं रिचार्ज कशाला? दूरसंचार नियामक ट्रायने डिसेंबर 2024 मध्ये कंपन्यांना नुसत्या कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवायला लावले. त्यानंतर एअरटेलचे 469 रुपयांत 84 दिवस आणि 1849 रुपयांत 365 दिवस असे पॅक आले. जिओचे 448 रुपयांत 84 दिवस आणि 1748 रुपयांत 336 दिवस. वर्षाचा घ्या आणि विसरा. जिओवाल्यांनी विसरू नये, त्यांचं वर्ष 336 दिवसांचं आहे.

4. नवा फोन घ्यायचा असेल तर गावी असतानाच घ्या. यूपीआयचं अॅप नव्या फोनवर टाकलं की ओळख पटवायला तुमच्या सिमवरून एक एसएमएस बाहेर जातो. परदेशातून तो रोमिंगच्या दराने जातो, आणि कधीकधी जातच नाही. आयफोनही आय-मेसेज सुरू करताना गुपचूप असा एक परदेशी एसएमएस पाठवतो.

5. आई-वडिलांचं आधार स्वतःच्या नंबराला जोडून ठेवलं असेल तर आधी ते बदला. त्यासाठी त्यांना आधार केंद्रावर घेऊन जा. अॅग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक काढायला वडील सकाळी अकराला सेवा केंद्रात बसतात, तेव्हा इथे उन्हाळ्यात रात्रीचा दीड वाजलेला असतो. ओटीपीची मुदत संपते, रांग पुढे सरकते आणि केंद्रवाला वैतागतो तो वडिलांवर.

अमेरिकेतल्या फोनचं म्हणाल तर मेसेज आता जवळपास सगळ्याच प्लॅनमध्ये अमर्याद आहेत, त्यांच्याकडे पाहून प्लॅन निवडू नका. भारतात पाठवलेला मेसेज त्यात धरलाय का आणि सांगितलेल्या रकमेत कर धरलाय का, हे दोन प्रश्न विचारा. नव्या माणसाची इथे पत नसते, म्हणून आधी प्रीपेड घ्यावं. पुढे ऑफिसातल्या तिघाचौघांनी मिळून फॅमिली प्लॅन घेतला की माणशी बरंच स्वस्त पडतं. गावी एसएमएसच करायचा झाला तर रोमन लिपीत करा, देवनागरी महाग पडते.

मँचेस्टर, इंग्लंड

मी नर्स आहे आणि मला इथल्या कंपन्यांबद्दल फारसं बोलायचं नाही. येणारा मेसेज फुकट, देशातल्या देशात अमर्याद. फोटो टाकलात तर तो बहुतेक ठिकाणी प्लॅनच्या बाहेर धरतात, एवढं ध्यानात ठेवा.

बोलायचंय ते आपल्याकडच्या ‘लाइफटाइम’ सिमबद्दल. 999 रुपये एकदा भरा आणि जन्मभर इनकमिंग घ्या, अशी ती योजना होती. वडिलांनी मोठ्या भरवशाने घेऊन दिलं होतं. 2018 च्या अखेरीस कंपन्यांनी दर महिन्याला किमान 35 रुपयांचं रिचार्ज सक्तीचं केलं आणि जन्म तिथेच संपला! त्याची सूचना त्याच सिमवर मराठवाड्यात फिरत राहिली असेल, मला काही मिळाली नाही. नंबर बंद पडला. बंद पडलेला नंबर 90 दिवसांनी दुसऱ्याला देता येतो, तसा माझाही गेला.

मग बँक. नंबर बदलायचाय म्हटलं तर म्हणाले, जुन्या नंबरावर ओटीपी पाठवतो. जुना नंबर माझा राहिलेला नाही, म्हणूनच बदलायचाय ना! मग म्हणाले शाखेत या. रात्रपाळी सोडून येऊ? मग अर्ज, पासपोर्टची साक्षांकित प्रत, पोस्टाने. प्रत पोचली तर सही जुळत नाही, कारण खातं उघडलं तेव्हा मी कॉलेजात होते आणि सही मराठीत करत होते. माझ्या खात्यातली शिल्लक कुणा अनोळखी माणसाच्या मोबाइलवर जात होती, आणि याचं त्या शाखेत कुणालाच काही वाटलं नाही. शेवटी सुट्टीत गावी गेले, काउंटरवर ठाण मांडलं, तेव्हा काम झालं.

वर्षाचं रिचार्ज भरा. पैसे वाया गेल्यासारखे वाटतील, तरी भरा.

ह्यूस्टन, टेक्सास

एडिसनच्या भाऊंचं लिखाण मला आधी वाचायला मिळालं. रोमनमध्ये लिहा, हे मला मुळीच मान्य नाही.

हिशोब त्यांचा खरा आहे. इंग्रजी अक्षरांचा मेसेज 160 अक्षरांचा, देवनागरीचा 70 चा, आणि त्यात काना-मात्रा-वेलांटीही वेगळी मोजतात. मजकूर लांबला की दर 67 ला एक तुकडा. भारतातून परदेशी एका मेसेजला पाच रुपये धरले तर दीडशे अक्षरांच्या शुभेच्छांना पंधरा रुपये. त्यात दिवाळीला तर तिकडे एसएमएस पॅक चालायचाच नाही, सणाच्या दिवशी पूर्ण दर लावायचे.

आणि इथे काय होतं? आम्ही आलो त्या काळात एका मेसेजला दहा सेंट होते, 2008 पर्यंत ते वीस झाले. पाठवणाऱ्याला पडायचे तसेच घेणाऱ्यालाही पडायचे. म्हणजे कुणी उगाच ‘गुड मॉर्निंग’ पाठवलं तरी भुर्दंड आपल्याला. विस्कॉन्सिनचे सिनेटर हर्ब कोल यांनी त्या वर्षी चारही मोठ्या कंपन्यांना पत्र लिहून दर दुप्पट कसे झाले ते विचारलं होतं. मेसेज तर फोन आणि टॉवर यांच्यातल्या एरवीच्या संदेशांच्याच वाटेने जातो, कंपनीला त्याचा खर्च नावापुरता. पाच डॉलरमध्ये दोनशे, वीस डॉलरमध्ये अमर्याद, असे पॅक होते. आम्ही दोनशेचा घ्यायचो आणि महिनाअखेरीस नवरा-बायको एकमेकांना मेसेज करणं बंद करायचो.

आता सगळं फुकट झालंय, तर मुलं आजीला इंग्रजी अक्षरांत ‘कशी आहेस’ लिहितात. पाथरीतली आजी ते वाचणार कसं? व्हॉट्सअॅपवर मात्रेचे पैसे पडत नाहीत. मुलांच्या फोनवर मराठी कीबोर्ड तुम्हीच बसवून द्या, रविवारच्या मराठी शाळेची वाट पाहू नका. आणि गुढीपाडव्याला कुणीतरी पुढे ढकललेलं चित्र आजीला पाठवू नये. दोन ओळी स्वतः लिहाव्यात, चुकल्या तरी चालतील.

दुबई

व्हॉट्सअॅपवर मेसेज चालतो, कॉल चालत नाही. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर फोन लागत नाही म्हणून आई घाबरते. परवानगी असलेली अॅप्स आहेत, त्यांतल्या काहींना महिन्याचे पैसे पडतात.

सिंगापूर

2023 पासून अनिवासी भारतीयांच्या एनआरई आणि एनआरओ खात्यांना परदेशी नंबरावर यूपीआय मिळतं. सुरुवातीच्या दहा देशांत सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, हाँगकाँग, ओमान, कतार, अमेरिका, सौदी, अमिराती आणि ब्रिटन होते. साध्या बचत खात्याला हे लागू नाही. ते आधी एनआरओमध्ये बदलून घ्या, आणि बदल पुरा होईपर्यंत बँकेत नोंदवलेला भारतातला नंबर चालू ठेवा.