मालमोटारीचे इंजिन बदलताना

ऐन वैशाखात टंचाईग्रस्त गावाला पाणी पुरविणारा टँकर बंद पडला म्हणजे तो बिघाड केवळ चालकाचा वा मिस्त्रीचा प्रश्न राहत नाही. हंड्यांच्या रांगा लागतात आणि ग्रामपंचायतीच्या बैठकीत त्याची उत्तरे द्यावी लागतात. अशा वेळी ‘इंजिन गेले’ असा निर्णय फार लवकर दिला जातो. तो खरा आहे किंवा कसे, आणि खरा असल्यास कोणता उपाय पत्करावा, हे यंत्रशास्त्राचे शिक्षण नसलेल्या पदाधिकाऱ्यालाही समजून घेता येते.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा इतकी दाबतो की तिचे तापमान ५०० अंश सेल्सियसच्या पुढे जाते व तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. सारी भिस्त या दाबावर असते. लायनर व पिस्टनच्या रिंगा झिजल्या म्हणजे दाब निसटतो, गाडी चढाला दमते, ऑइल जळू लागते आणि निळसर धूर दिसतो. काळा धूर मात्र बहुधा तुंबलेल्या एअर फिल्टरचा किंवा बिघडलेल्या नोझलचा असतो. त्यासाठी इंजिन उतरविण्याचे कारण नाही. ऑइल दुधाळ झाले असेल तर त्यात पाणी शिरले आहे असे समजावे. त्याचे कारण कधी केवळ हेडचे गॅसकेट असते, तर कधी तडकलेला ब्लॉक. म्हणून खर्चास मंजुरी देण्यापूर्वी प्रत्येक सिलिंडरचा दाब व ऑइलचा दाब मोजून त्याची लेखी नोंद मागावी. ही तपासणी स्वस्त असते, आणि तरीही नेमकी तीच टाळली जाते.

इंजिन खरोखरच झिजले असल्यास तीन मार्ग असतात. आहे तेच इंजिन खोलून दुरुस्त करणे, कोरे इंजिन घेणे, किंवा पुनर्निर्मित इंजिन बसविणे. बाजारात ‘रिकंडिशन’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. भंगारातील गाडीचे इंजिन धुऊन रंगविले तरी त्याला हेच नाव मिळते. पुनर्निर्मिती याहून वेगळी होय. तीत इंजिनाचा भाग न् भाग सुटा करून स्वच्छ केला जातो. क्रँकशाफ्टमधील डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा चुंबकीय पद्धतीने शोधतात. क्रँकशाफ्ट घासून त्याचा व्यास ठरावीक मापाने, म्हणजे पाव मिलिमीटरच्या टप्प्याने, कमी करतात व त्या मापाच्या बेअरिंगा घालतात. हेड व ब्लॉक पाण्याच्या किंवा हवेच्या दाबाखाली तपासले जातात. पिस्टन, रिंगा, गॅसकेट व ऑइल सील नवे असतात. शेवटी इंजिन चाचणी-यंत्रावर चालवून त्याची शक्ती व ऑइलचा दाब मोजतात. या चाचणीचा कागद आणि लेखी हमी विक्रेत्याकडून मागावी. तो ती देऊ शकत नसेल तर माल कोणता आहे हे वेगळे सांगावयास नको. जुने इंजिन परत घेऊन किमतीत सूट देण्याची पद्धत असल्याने ते परस्पर भंगारात घालू नये.

या मार्गाचा मोठा लाभ वेळेचा आहे. सामान हाताशी असल्यास बदल दोन-तीन दिवसांत होऊ शकतो. खोललेले इंजिन मात्र लेथवरच्या कामासाठी व सुट्या भागांसाठी आठवडेच्या आठवडे पडून राहते.

तथापि पंचायतीने आधी गाडीचे वय पाहावे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमानुसार शासकीय विभाग, नगरपालिका व पंचायती यांच्या मालकीच्या वाहनांची नोंदणी पहिल्या नोंदणीपासून १५ वर्षांनंतर चालू राहू शकत नाही. चौदा वर्षांच्या टँकरला नवे काळीज बसविणे म्हणजे सार्वजनिक पैसा वर्षभरासाठी गुंतविणे होय.

बसविताना काय पाहावे

पुनर्निर्मित इंजिन लवकर निकामी होते, त्याचे कारण पुष्कळदा त्या इंजिनात नसतेच. जुन्या इंजिनाच्या झिजेचा कीस ऑइल कूलरमध्ये व नळ्यांत शिल्लक राहतो आणि पहिल्याच दिवशी नव्या बेअरिंगांत जातो. म्हणून ऑइल कूलर बदलावा, रेडिएटर व डिझेलची टाकी साफ करावी. जुना टर्बो फुटला असेल तर इंटरकूलरमध्ये साचलेले ऑइल काढलेच पाहिजे. ते सिलिंडरमध्ये ओढले गेल्यास डिझेल बंद केले तरी इंजिन त्याच ऑइलवर बेफाम फिरत राहते व स्वतःचा नाश करून घेते. गिअर बॉक्स उतरलेलाच असतो, त्यामुळे क्लचप्लेट व इंजिनाखालचे रबर याच वेळी बदलणे किफायतीचे ठरते. प्रथम सुरू करण्यापूर्वी ऑइल सर्वत्र दाबाने पोहोचवावे; कोरड्या बेअरिंगांवर काही क्षण चाललेल्या इंजिनाची हानी पुढे भरून येत नाही.

भारत स्टेज ६ ची मानके १ एप्रिल २०२० पासून लागू झाली. त्या मानकांच्या गाडीत त्याच मानकांचे इंजिन बसवावे लागते आणि नोझलचे संकेतांक गाडीच्या संगणकात भरावे लागतात. हे काम साध्या पान्यांनी होणारे नव्हे.

नोंदणी-प्रमाणपत्रात इंजिनाचा क्रमांक असतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे असा बदल नोंदणी प्राधिकाऱ्याच्या मान्यतेने करावयाचा असतो व तो केल्यापासून १४ दिवसांच्या आत प्रमाणपत्रासह कळवावयाचा असतो. दहा किंवा अधिक परिवहन वाहनांच्या मालकास त्याच बनावटीचे व त्याच प्रकारचे इंजिन पूर्वमान्यतेशिवाय बदलण्याची मुभा राज्य शासन अधिसूचनेद्वारे देऊ शकते. परंतु १४ दिवसांत कळविण्याचे बंधन त्यालाही आहे. इंजिनाचे बिल जपून ठेवावे आणि नवा क्रमांक विमा कंपनीलाही लेखी कळवावा, कारण अपघातानंतर दाव्याच्या तपासणीत प्रथम पाहिले जातात ते चॅसिसचे व इंजिनाचे क्रमांकच.