टेबलावरील आरमार

एल्डिनचा जॉन क्लार्क (१७२८–१८१२) हा स्कॉटलंडमधील गृहस्थ आरंभी एडिंबरो शहरी व्यापार करी. पुढे त्याने कोळशाच्या खाणीत लक्ष घातले, आणि फावल्या वेळी तो तांब्याच्या पत्र्यावर निसर्गचित्रे कोरीत असे. नौदलात त्याने कधीही नोकरी केली नाही. तथापि ब्रिटिश आरमाराच्या लढाया वारंवार निर्णयावाचून का संपतात, या प्रश्नाने त्याला पछाडले होते. त्याने जहाजांच्या लहान प्रतिकृती करवून घेतल्या, टेबलावर त्यांच्या दोन रांगा मांडल्या आणि प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांच्या आधारे एकेक लढाई पुन्हा चालवून पाहिली. कागदावर काढलेली आकृती स्थिर असते. टेबलावरचे जहाज मात्र हलवता येते, परत मागे आणता येते, आणि हवा तेवढा वेळ त्याकडे पाहत बसता येते. एवढ्याच सोयीतून त्याचा नौदलाच्या डावपेचांवरील ग्रंथ उभा राहिला. त्याचा पहिला भाग १७८२ च्या आरंभी मित्रांपुरता छापला गेला व १७९० मध्ये तो सर्वांसाठी प्रसिद्ध झाला.

क्लार्कला जे दिसले ते थोडक्यात असे : वाऱ्याकडच्या बाजूने हल्ला करणारे जहाज शत्रूवर चालून जाताना आपले तोंड त्याच्याकडे करते. त्यामुळे त्याच्या कडेच्या तोफा निरुपयोगी होतात आणि शत्रूच्या साऱ्या तोफा मात्र त्याच्यावर चालतात. फ्रेंच जहाजे अशा वेळी शिडे व दोरखंड यांवर मारा करीत आणि इंग्रज जहाजे पांगळी झाली की वाऱ्यासरशी दूर सरून नवी रांग धरीत. यावर उपाय एकच, की शत्रूच्या संपूर्ण रांगेशी भिडण्याऐवजी तिचा एखादा तुकडा तोडून त्यावर सर्व बळ लोटावे. १२ एप्रिल १७८२ रोजी वेस्ट इंडीजमधील सेंट्सच्या लढाईत रॉड्नीने फ्रेंच रांग फोडली आणि फ्रेंच सेनापती द ग्रास आपल्या ध्वजनौकेसह कैद झाला. ही युक्ती क्लार्कची, की ऐन वेळी वारा फिरून पडलेल्या खिंडारामुळे सुचलेली, याविषयी पुढे बरीच वर्षे कडवट वाद झाला. आमच्या मते त्या वादात श्रेयाचा भाग जास्त आणि समजुतीचा कमी आहे. क्लार्कचे खरे योगदान निराळे. आरमाराची लढाई टेबलावर अभ्यासता येते, हे त्याने दाखवून दिले.

आता हा अभ्यास प्रत्यक्ष कसा करतात ते पाहू. त्यासाठी आपल्याच किनाऱ्यावरील एक लढाई घेऊ. २० जून १७८३ रोजी कडलूरसमोर एडवर्ड ह्यूज याची १८ आणि फ्रेंच सेनापती सुफ्राँ याची १५ युद्धनौका परस्परांशी भिडल्या. किनाऱ्यावर इंग्रजांनी कडलूरला वेढा घातला होता आणि आत फ्रेंचांचा बुसी अडकला होता. ज्याचे आरमार समुद्रावर टिकेल त्याचेच सैन्य किनाऱ्यावर टिकणार, अशी स्थिती होती.

पहिली अडचण जागेची. दोन जहाजांमध्ये सुमारे १८५ मीटर अंतर धरले, तर १८ जहाजांची रांग तीन किलोमीटरांहून लांब होते. १:१२०० या प्रमाणात ७४ तोफांचे जहाज जेमतेम पाच सेंटीमीटर भरते आणि डोळ्यांना सुखावते. पण त्याच प्रमाणात ती रांग २.६ मीटर लांब होईल, आणि तिला फिरण्यास जागा हवी ती वेगळीच. १:३००० प्रमाण घेतले तर रांग एक मीटरभर होते. पुष्कळ खेळाडू जहाजे मोठी व समुद्र लहान अशी तडजोड करतात. ती क्षम्य आहे. मात्र तोफेच्या पल्ल्याचे माप समुद्राच्या प्रमाणानेच घ्यावे, जहाजाच्या नव्हे.

दुसरी अडचण वाऱ्याची, आणि साऱ्या खेळाचे मर्म तिच्यातच आहे. आडव्या शिडांचे जहाज वाऱ्याच्या दिशेशी सुमारे ६७.५ अंशांपेक्षा कमी कोन करून चालू शकत नाही. म्हणजे वाऱ्याच्या दोन्ही अंगांचे मिळून १३५ अंशांचे क्षेत्र त्याला बंदच असते. टेबलाच्या एका कडेला बाण ठेवावा आणि पुठ्ठ्याचा त्या मापाचा त्रिकोण कापून प्रत्येक वळणाच्या वेळी तो जहाजाजवळ धरावा. नवखा खेळाडू पहिल्या अर्ध्या तासातच शिकतो, की वाऱ्याकडची बाजू एकदा हातची गेली तर ती परत मिळवणे दुरापास्त असते. सुफ्राँने कडलूरपुढे याच बाजूसाठी कित्येक दिवस युक्तीने काढले आणि ती मिळवल्यावरच तोफ डागली.

तिसरी अडचण हिशेबाची. १९७० च्या दशकात अमेरिकेत निघालेल्या 'वुडन शिप्स अँड आयर्न मेन' यासारख्या खेळांत प्रत्येक जहाजाचा सांगाडा, शिडे, तोफा व माणसे यांची स्वतंत्र नोंद ठेवावी लागते, आणि दोन्ही पक्षांना आपली चाल आधी गुप्तपणे लिहावी लागते. चार-सहा जहाजांना ही पद्धत उत्तम. पण ३३ जहाजांना प्रत्येकी दोनच मिनिटे दिली, तरी एका डावास सहासष्ट मिनिटे लागतात. डाव पाच मिनिटांचा धरल्यास तीन तासांच्या लढाईचे ३६ डाव होतात. म्हणजे दुपारी चारच्या सुमारास सुरू होऊन तीनएक तासांत संपलेली लढाई टेबलावर जवळजवळ चाळीस तास चालेल! म्हणून मोठ्या आरमारात तीन-तीन जहाजांचा गट करावा, डाव पंधरा मिनिटांचा धरावा आणि हानी 'सुस्थित, जखमी, निकामी' अशा तीनच पायऱ्यांनी मोजावी. अकरा गट, बारा डाव. एवढे काम एका दिवसात उरकते.

असे केल्याने बारकावे जातात अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ती खरी आहे, पण सेनापतीला तरी ते बारकावे कोठे दिसत होते? धुरात त्याला आपल्या मागचीपुढची दोनचार जहाजे दिसत, आणि आज्ञा देण्यास डोलकाठीवरची निशाणे एवढेच साधन होते. ५ सप्टेंबर १७८१ रोजी चेसापीकच्या तोंडाशी ग्रेव्हजच्या जहाजावर 'रांग धरा' हे निशाण 'जवळ जाऊन भिडा' या निशाणासोबत फडकत राहिले, आणि हुडची तुकडी रांग धरून लढाईबाहेर राहिली. टेबलावर हे अनुभवायचे असेल तर एका पक्षाचे तीन खेळाडू करावेत, त्यांना परस्परांशी बोलण्यास सक्त मनाई करावी, आणि आधी ठरवलेल्या दहा-बारा आज्ञांपैकी एकच चिठ्ठी सेनापतीने पाठवावी. ती पुढच्या डावात पोचावी. सेंट्सच्या लढाईत द ग्रास पकडला गेल्यामुळे फ्रेंच सेनापतींनी लढाईच्या वेळी लहान फ्रिगेटवर राहावे अशी राजाज्ञा निघाली होती, आणि कडलूरला सुफ्राँने ती पाळली. त्याची भूमिका करणाऱ्याला म्हणूनच रांगेबाहेरचे एक लहान जहाज द्यावे.

राहिली शेवटची नोंद, जी बहुतेक नियमावल्यांत नसते. त्या दिवशी दोन्ही बाजूंची सुमारे शंभर-शंभर माणसे मेली, पण एकही युद्धनौका बुडाली वा पकडली गेली नाही. टेबलावर ह्यूज झालेला खेळाडू अठरा जहाजे पाहून दुसऱ्या दिवशी हटकून पुन्हा लढाई देतो. प्रत्यक्षात ह्यूज मद्रासला निघून गेला. कारण त्याचे खलाशी स्कर्व्हीने आजारी होते आणि पिण्याचे पाणी संपत आले होते. उलट सुफ्राँने लढाईपूर्वी कडलूरच्या शिबंदीतून १,२०० माणसे आपल्या जहाजांवर घेतली होती. तेव्हा डाव मांडतानाच ह्यूजच्या प्रत्येक गटापुढे पाण्याचा आकडा लिहून ठेवावा, रोज तो कमी करावा, आणि सुफ्राँच्या खेळाडूला तो दाखवू नये.