टर्बोचा बिघाड आणि ओहमचा नियम : दोष शोधण्याचा एक पाठ



विद्युत परिपथ शिकवताना आपण सेल, बल्ब आणि वायर घेतो. बल्ब लागला की प्रयोग संपला. पण बल्ब लागलाच नाही तर? दोष नेमका कुठे आहे हे शोधण्यात खरं शिकणं असतं. त्यासाठी मुलांच्या ओळखीचं उदाहरण घेऊया : घाटात अचानक दमणारी डिझेल जीप.

टर्बो काय करतो?

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूच्या जोरावर एक छोटं चाक फिरतं. त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. हवा जास्त मिळाली की डिझेल जास्त जाळता येतं आणि ताकद वाढते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं.

हवेचा दाब किती ठेवायचा हे गाडीतला छोटा संगणक, म्हणजे ईसीयू ठरवतो. बऱ्याच डिझेल गाड्यांत त्याचा हुकूम असा पोचतो :

ईसीयू – वायर – सोलेनॉइड व्हॉल्व्ह – व्हॅक्यूमची नळी – टर्बोची दांडी.

सोलेनॉइड म्हणजे तारेचं वेटोळं असलेला विजेवर चालणारा व्हॉल्व्ह. त्याला दोन वायरी असतात. एकीतून १२ व्होल्ट येतात, दुसरी ईसीयूकडे जाते.

कोड हा पत्ता आहे, निकाल नाही

या साखळीत विजेचा दोष आला की डॅशबोर्डवर दिवा लागतो. इंजिन वाचवायला ईसीयू ताकद कमी करतो. स्कॅनरवर पी०२४३ असा कोड दिसू शकतो. त्याचा अर्थ 'टर्बोच्या सोलेनॉइडच्या परिपथात दोष' एवढाच. 'टर्बो खराब' असा त्याचा अर्थ नाही. तरी पुष्कळदा थेट टर्बो बदलायचा सल्ला मिळतो. ज्या घराचं पोट गाडीवर चालतं, तिथे हा फरक फार मोठा आहे. नवा टर्बो म्हणजे हजारोंचा खर्च, गंजलेला जोड म्हणजे थोडी वायर आणि तासाभराचं काम.

तपासणीचा क्रम

१. इंजिन थंड असताना डोळ्यांनी पहा : घासलेली वायर, सैल प्लग, पिनवर हिरवा गंज. फ्यूजही पहा.

२. प्लग काढून सोलेनॉइडचा रोध मीटरवर मोजा. तो गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळला, तर वेटोळं ठीक आहे.

३. चावी चालू करून प्लगमध्ये १२ व्होल्ट येतात का ते पहा. मग त्याच वायरीवर छोटा टेस्ट बल्ब लावून पहा. ईसीयूकडे जाणाऱ्या वायरीला मात्र बल्ब लावू नये.

४. बॅटरी व ईसीयूचा प्लग काढून दुसरी वायर अखंड आहे का, आणि ती बॉडीला कुठे टेकत नाही ना, हे तपासा. मोजताना वायर हलवत रहा. काही दोष हलवल्यावरच दिसतात.

दोष सापडला की गंजलेला तुकडा कापायचा, तेवढ्याच जाडीची नवी वायर जोडायची आणि जोडावर पाणी न शिरणारी नळी बसवायची. कोड पुसून गाडी चढावर चालवून पहायची. कोड परत आला नाही, तरच दुरुस्ती झाली.

इथे गणित येतं

मीटर १२ व्होल्ट दाखवतो, मग बल्ब कशाला? समजा सोलेनॉइडचा रोध ३० ओहम आहे. जोड चांगला असेल तर धारा १२ ÷ ३० = ०.४ अँपिअर. आता गंजलेल्या जोडाने २० ओहम वाढवले. एकूण ५० ओहम, धारा ०.२४ अँपिअर. सोलेनॉइडला मिळाले ०.२४ × ३० = ७.२ व्होल्ट. उरलेले ४.८ जोडातच गेले! मीटर स्वतः जवळजवळ काहीच धारा घेत नाही, म्हणून प्लग काढून मोजलं की गंजलेल्या जोडातूनही पूर्ण १२ दिसतात. बल्ब धारा ओढतो, मंद पेटतो आणि दोष उघडा पडतो.

वर्गात करून पहा

दोन सेल, टॉर्चचा बल्ब आणि वायरीचे चार तुकडे घ्या. मुलांच्या नकळत एका जोडाला नेलपॉलिश लावून वाळू द्या. बल्ब लागणार नाही. आता नियम एकच : तपासल्याशिवाय काहीही बदलायचं नाही. मुलांनी आधी अंदाज वहीत लिहावा, मग एक चांगली वायर घेऊन एकेक भाग ओलांडून पहावा. प्रयोग फक्त सेलवर करा, घरातल्या विजेवर कधीच नाही.

आपल्यासाठीही यात एक गोष्ट आहे. ५२ – २७ = ३५ असं मुलाने लिहिलं, तर ती लाल खूणही एक कोडच आहे. 'गणितात कच्चा' हा निकाल झाला. स्थानिक किंमत कळते का? हातचा घेता येतो का? की मोठ्यातून लहान अंक वजा करायची सवय लागली आहे? एकेक जोड तपासला तर बहुतेक वेळा सगळं पुन्हा शिकवावं लागत नाही, तेवढा एक जोड नीट करावा लागतो.

सरावासाठी प्रश्न : गंजलेल्या जोडाचा रोध १० ओहम असेल, तर वरच्या सोलेनॉइडला किती व्होल्ट मिळतील? (उत्तर : ९ व्होल्ट)