डावा हात आवर

अगं, मोटरसायकल घेतलीस ते फार छान केलंस. पेढे वाटून झाले असतील तर आता तुझ्या डाव्या हाताबद्दल थोडं बोलू.

इतकी वर्षं स्कूटी चालवलीस. समोर काही आडवं आलं की तुझा डावा पंजा आपोआप मिटतो. स्कूटीवर ते बरोबरच, तिथे डाव्या हाताशी ब्रेक असतो. मोटरसायकलवर त्याच जागी क्लच आहे. घाबरून नुसता क्लच दाबलास की चाक इंजिनापासून सुटतं आणि गाडी मोकाट पुढे जाते. त्यात जुन्या सवयीने दोन्ही पाय जमिनीकडे गेले तर मागचा ब्रेकही गेला, कारण तो उजव्या पायाखाली. स्कूटी अजून घरात आहे म्हणून जास्तच सांगते. कुठल्याही गाडीवर बसलीस की निघण्याआधी दोन्ही लिव्हर एकदा दाब. आज कुठली गाडी आहे ते हातांना कळू दे.

हे तुला माहीत नाही असं नाही. विचारलं तर घडाघडा सांगशील. पण रिक्षावाला हात न दाखवता वळतो तेव्हा विचार करायला वेळ नसतो, हाताला जे पाठ आहे तेच तो करतो. म्हणून पाठांतर बदलायचं, आणि ते मोकळ्या मैदानाशेजारच्या सुक्या, सरळ डांबरी तुकड्यावर बदलायचं. चौकात नाही.

आता बाबांचा मुद्दा. पुढचा ब्रेक दाबलास तर उलटशील, हे आपण लहानपणापासून ऐकतोय. त्यांचं अगदीच चूक नाही, पण अर्धंच आहे. ब्रेक लागला की गाडीचा आणि तुझा भार पुढे सरकतो. पुढचं टायर रस्त्यावर दाबलं जातं, त्याची पकड वाढते. मागचं हलकं होतं आणि पटकन घसरतं. सुक्या रस्त्यावर थांबवण्याचं बरंचसं काम पुढचा ब्रेकच करतो. नुसत्या पायाच्या ब्रेकवर विसंबणारी माणसं थांबतात, पण रिक्षाच्या मागच्या बाजूला लागून. बाबा म्हणतात तो धोका झटक्यात आहे. भार पुढे यायच्या आतच लिव्हर खच्चून ओढली तर चाक जागीच लॉक होतं आणि गाडी आडवी. म्हणून रक्तदाब मोजताना दंडावरचा पट्टा जसा आवळत जातो तशी लिव्हर आवळायची. भरभर, पण हिसका न देता. हे एक जमलं की निम्मं आलं.

क्रम हातात बसव. रेस पूर्ण बंद, पुढचा आणि मागचा ब्रेक एकदम, आणि क्लच मागून, गाडी थांबता थांबता. ब्रेकला हात घालताना उजवं मनगट खाली वळू देऊ नकोस, नाहीतर एकीकडे ब्रेक आणि दुसरीकडे रेस असा गोंधळ होतो. गुडघ्यांनी टाकी घट्ट धर, कोपरं सैल ठेव आणि नजर लांब. चाकाकडे बघितलंस तर तोल जाणारच.

सुरुवात ताशी २० पासून. मग ३०, मग ४०, तेही आधीचं अंगवळणी पडल्यावर. हँडल सरळ असतानाच ब्रेक, वळणावर हा खेळ नाही. चाक लॉक होऊ न देणारं एबीएस ज्या गाडीला नाही, तिच्यावर पुढचं टायर किंचाळलं तर लिव्हर क्षणभर सैल सोडून परत आवळ. मागचं सरकलं तर नजर समोरच ठेव, एवढ्या वेगात गाडी बहुधा सरळच थांबते. पुढच्या खेपेला पाय हलका टाक. हेल्मेट, हातमोजे, बूट हवेतच, आणि ओढणी घरी.

तुझी गाडी १२५ सीसीच्या वरची, म्हणजे एबीएस आहे. २०१९ पासून ते सक्तीचं आहे. पण तुझं एकाच चॅनेलचं, फक्त पुढच्या चाकाला. मागचं लॉक होऊ शकतं. पुढे एबीएस चालू झालं की लिव्हर बोटांखाली थडथडते. ते पहिल्यांदा जाणवल्यावर बायका दचकून सोडून देतात (पुरुषही, फक्त सांगत नाहीत). सोडायचं नाही, तसंच दाबून ठेवायचं.

आकडेही ऐकून ठेव. ताशी ४० ला तू सेकंदाला ११ मीटर जातेस. म्हणजे दिसलं, कळलं, हात हलला, एवढ्यात शहरातल्या मोठ्या बसची लांबी जवळजवळ संपते. त्यापुढे चांगला ब्रेक लागूनही ९-१० मीटर. ६० ला वेग दीडपटच होतो, पण ब्रेकचं अंतर सव्वादोनपट. पुढच्या गाडीच्या शेपटाला चिकटून चालवू नकोस असं मी म्हणते ते यासाठी.

ठरलेल्या रेषेवर थांबता यायला लागलं की मैत्रिणीला बाजूला सुरक्षित अंतरावर उभी कर आणि तिच्या मनात येईल तेव्हा हात वर करू दे. खरी गंमत इथे आहे. रेषेवर व्यवस्थित थांबणारी माणसं इथे पहिल्या खेपेला पुन्हा क्लच दाबतात.

पावसाळ्यात हेच परत पहिल्यापासून, कमी वेगात. पहिल्या सरीला रस्त्यावरचं तेल वर येतं. झेब्राचे पट्टे आणि लोखंडी झाकणं तर निसरडीच.

आणि आईला मागे बसवायची घाई नको. ब्रेक लागला की मागचं माणूस तुझ्या पाठीवर येतं आणि सगळा भार तुझ्या मनगटांवर. आधी मला बसव. मी ओरडले तर ऐकून घेशील, आई ओरडली तर संध्याकाळपर्यंत गाडी विकायला लावेल.