खेळणी परत का मागवितात?

विकून झालेला माल सदोष निघाल्यास कंपनीने तसे जाहीर करून तो गिऱ्हाइकांकडून परत घ्यावा, यास माल परत मागविणे म्हणतात. ऑगस्ट २००७ मध्ये मॅटेल या अमेरिकन कंपनीने चीनमध्ये बनवून घेतलेली सुमारे १५ लाख खेळणी अशी परत मागविली. त्यांच्या रंगात शिसे मर्यादेपेक्षा अधिक होते. हाती येईल ते तोंडात घालणे हा तान्ह्या मुलाचा स्वभावच. त्या वाटेने शिसे रक्तात जाते व वाढत्या मेंदूला कायमची इजा करते. त्याच महिन्यात सुटून येणाऱ्या लोहचुंबकांमुळेही बरीच खेळणी परत घेण्यात आली. दोन चुंबक गिळले गेले तर ते आतड्याच्या भिंती एकमेकांशी आवळतात व आतड्याला भोक पडते.

परंतु आपल्या घरातले खेळणे त्यांपैकीच आहे, हे आईबापांनी ओळखावे कसे? त्यावर कारखान्याचे नाव व खेपेची खूण असेल तरच. म्हणूनच अमेरिकेने २००८ साली मुलांच्या वस्तूंवर अशी खूण सक्तीची केली. शालिमार किंवा मेन रोडला पथारीवर घेतलेल्या निनावी खुळखुळ्याला कोण परत बोलावणार? यात पथारीवाल्याला दोष देऊन भागणार नाही. त्यालाही तो माल कुठून आला हे ठाऊक नसते.

आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे. चिन्हाजवळ 'सीएम/एल' ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपवर तपासता येतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २० नुसार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण धोकादायक माल परत घेण्याचा व किंमत परत करण्याचा हुकूम देऊ शकते. तो न पाळणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद वा २० लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हक्क कागदावर भक्कम आहे. पण पावती नसेल तर पैसे मागायचे कोणत्या तोंडाने? तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

आणखी एक. धोकादायक ठरलेले खेळणे पुष्कळदा मोलकरणीच्या मुलाला दिले जाते किंवा भंगारात जाते आणि तेथून एखाद्या वस्तीतल्या बाळाच्या हाती पडते. कंपनी ते परत घेत नसेल, तर आधी त्यातील सेल काढून वेगळे ठेवावेत, मग खेळणे मोडून पुन्हा वापरता येणार नाही असे करूनच टाकावे.